४२, ३६, ४६ : हरल्यानंतर संघ काय बोलतो?

१. प्रस्तावना

मथळ्यातले तीन आकडे हे भारताचे कसोटी क्रिकेटमधले तीन सर्वांत नीचांकी डाव आहेत. २४ जून १९७४ रोजी लॉर्ड्सवर सर्वबाद ४२. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला ३६. आणि १७ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर सर्वबाद ४६.

हे डाव कसे कोसळले हा आजचा विषय नाही. ते कोसळल्यानंतर संघाने काय केले, कोण कोणाशी बोलले, कोणता प्रश्न आधी विचारला गेला आणि त्या बोलण्यातून पुढच्या निर्णयात काय बदलले, हे आपण पाहणार आहोत. खेळाच्या इतिहासात धावा आणि बळी नोंदलेले असतात. बंद दाराआडच्या बैठकीची नोंद सहसा नसते, त्यामुळे हा अभ्यास थोडा अवघड आहे.

पाठाचा मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगून ठेवतो. आपल्या चुकांकडे प्रामाणिकपणे पाहणे हा खेळाडूच्या स्वभावाचा गुण आहे, असे आपण समजतो. तो काही अंशी असेलही. पण इतिहास असे दाखवतो की तो मुख्यतः व्यवस्थेचा प्रश्न आहे. बोलायला जागा आहे का, बोलणाऱ्याच्या शब्दांचे पुढे काय होते, आणि आज बोलणारी माणसे उद्याही संघात असणार आहेत का, यावर सगळे ठरते.

२. झाडाझडती आणि आढावा

मराठीत या दोन्ही गोष्टींसाठी चांगले शब्द आहेत. झाडाझडतीत पहिला प्रश्न असतो, "कोणी केले?" आढाव्यात पहिला प्रश्न असतो, "त्या वेळी आपल्याला काय ठाऊक होते आणि त्यावरून आपण काय ठरवले?" झाडाझडतीच्या शेवटी एखाद्यावर ठपका बसतो. आढाव्याच्या शेवटी पुढच्या वेळी करायची एखादी वेगळी गोष्ट हाती लागते.

आढावा घेणे अवघड का जाते? दोन कारणे लक्षात ठेवा.

पहिले कारण म्हणजे पश्चातबुद्धी. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात वापरलेल्या प्रसंगांपैकी एक आपल्या जवळचा होता : १८१४ सालचा इंग्रज आणि गुरखे यांचा संघर्ष. वाचकांच्या वेगवेगळ्या गटांना त्याचे वेगवेगळे शेवट सांगितले गेले. ज्या गटाला जो शेवट सांगितला, तोच होण्याची शक्यता सुरुवातीपासून जास्त होती, असे त्या गटाला वाटू लागले. निकाल कळला की तो अटळ वाटतो. पानिपतात काय चुकले हे आज आपल्यापैकी कोणीही सांगू शकतो, तेही याचमुळे.

दुसरे कारण म्हणजे निकालावरून निर्णयाची किंमत ठरवण्याची सवय. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये हे दाखवून दिले : निर्णय तोच, माहिती तीच, पण शेवट वाईट झाला की लोक निर्णय घेणाऱ्यालाही वाईट ठरवतात.

क्रिकेटमधले उदाहरण पाहा. १९९६ च्या विश्वचषकात ९ मार्चला बेंगळुरूत पाकिस्तानविरुद्ध उपांत्यपूर्व सामना झाला. भारताने आधी फलंदाजी करून ८ बाद २८७ धावा केल्या आणि ३९ धावांनी सामना जिंकला. चारच दिवसांनी कोलकात्यात श्रीलंकेविरुद्ध उपांत्य सामन्यात अझरुद्दीनने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. श्रीलंकेच्या ८ बाद २५१ धावांना उत्तर देताना भारत १ बाद ९८ वरून ८ बाद १२० पर्यंत घसरला, प्रेक्षक खवळले आणि सामना श्रीलंकेला देण्यात आला. तेव्हापासून तो नाणेफेकीचा निर्णय मूर्खपणाचा म्हणून ओळखला जातो. पण २ मार्चला दिल्लीत याच श्रीलंकेने भारताच्या २७१ धावा सहज ओलांडल्या होत्या. पाठलागात तरबेज असलेल्या संघाला आधी फलंदाजी करायला लावणे, यामागे एक विचार होता. खेळपट्टी इतकी फुटेल हा अंदाज मात्र चुकला. आढावा घेणाऱ्याने विचारायचे ते हे : खेळपट्टीचा अंदाज कशावरून बांधला, आणि तो पारखून घेण्याचा दुसरा काही मार्ग होता का? "क्षेत्ररक्षण का घेतले?" एवढाच प्रश्न विचारून काही शिकायला मिळत नाही.

३. १९७४ : बोलायला जागाच नव्हती

१९९६ च्या त्या संघाचे व्यवस्थापक होते अजित वाडेकर. पराभवानंतर काय होते, हे त्यांच्याइतके जवळून फार थोड्या लोकांनी पाहिले असेल.

१९७१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजमध्ये आणि नंतर इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, आणि १९७२-७३ मध्ये मायदेशी पुन्हा इंग्लंडला हरवले. सलग तीन मालिकाविजय. इंदूरमध्ये या यशाचे स्मारक म्हणून काँक्रीटची भली मोठी बॅट उभारली गेली.

१९७४ च्या उन्हाळ्यात संघ पुन्हा इंग्लंडला गेला. या वेळी दौरा उन्हाळ्याच्या ओल्या, थंड पूर्वार्धात होता. पहिली कसोटी ११३ धावांनी गेली. लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावा केल्या. भारताने पहिल्या डावात ३०२ पर्यंत मजल मारली, पण फॉलोऑन मिळाला. सोमवारी सकाळी ख्रिस ओल्डने २१ धावांत ५ आणि जेफ अर्नोल्डने १९ धावांत ४ बळी घेतले. १७ षटकांत सगळे संपले. एकनाथ सोलकर नाबाद १८, दुसऱ्या कोणालाही दोन आकडी धावा करता आल्या नाहीत. एक डाव आणि २८५ धावांनी हार. तिसरी कसोटीही डावाने गेली.

यानंतर काय झाले? इंदूरची बॅट विद्रूप करण्यात आली. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. त्यांना पश्चिम विभागाच्या दुलीप करंडक संघातूनही वगळण्यात आले आणि त्यांनी निवृत्ती घेतली. तीन मालिका जिंकून देणारा कर्णधार काही महिन्यांत संपला.

बिशनसिंग बेदींची गोष्ट आपल्या विषयाला जास्त जवळची आहे. दौऱ्यात त्यांनी दूरचित्रवाणीवर मुलाखत दिली, म्हणून मंडळाने शिस्तभंगाची कारवाई केली आणि पुढच्या कसोटीतून त्यांना बाहेर ठेवले. ती कसोटी होती बेंगळुरूची, २२ नोव्हेंबर १९७४ पासून, वेस्ट इंडीजविरुद्ध, आणि चिन्नास्वामीच्या मैदानावरची पहिलीच. गॉर्डन ग्रीनिज आणि व्हिव्ह रिचर्ड्स यांचे कसोटी पदार्पण याच सामन्यात झाले. ग्रीनिजने ९३ आणि १०७, तर क्लाइव्ह लॉइडने १६३ धावा केल्या. भारताकडून पदार्पण करणाऱ्या हेमंत कानिटकरांनी ६५ धावांची झुंज दिली, पण संघ २६७ धावांनी हरला. देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज गोलंदाजी वाईट पडली म्हणून नव्हे, तर बोलल्याबद्दल बाहेर होता.

मंडळातली माणसे दुष्ट होती, असा याचा अर्थ घेऊ नका. त्या काळची रचना लक्षात घ्या. संघाला पूर्णवेळ प्रशिक्षक नव्हता. दौऱ्यापुरता एक व्यवस्थापक असे. १९७१ प्रमाणे १९७४ मध्येही ते काम कर्नल हेमू अधिकारी यांच्याकडे होते. दौरा संपला की खेळाडू आपापल्या बँकेत, कचेरीत, राज्याच्या संघात परतत. सामन्यांचे चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहायची सोय नव्हती. ओल्या हवेत स्विंग होणारा चेंडू कसा खेळायचा, त्यासाठी सराव कुठे करायचा, असे प्रश्न घेऊन कोणी कोणाकडे जायचे? मंडळाच्या हातात संघनिवड हे एकच अवजार होते. ज्याच्या हातात फक्त निवड, त्याच्या लेखी प्रत्येक पराभवाचे उत्तर म्हणजे कोणाला तरी वगळणे.

४. त्याच वर्षी, आकाशात

थोडे क्रिकेटबाहेर जाऊ. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचे विमान क्रमांक ५१४ डोंगराला धडकले आणि त्यातील ९२ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत कळले की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे वैमानिक नेमक्या त्याच गैरसमजामुळे त्याच डोंगराला धडकता धडकता वाचले होते. त्यांनी ते आपल्या कंपनीत सांगितलेही होते. पण ती माहिती त्या कंपनीच्या बाहेर गेली नव्हती.

यातून १९७६ मध्ये नासाच्या देखरेखीखाली चुका कळवण्याची एक योजना सुरू झाली. वैमानिकाने आपली चूक स्वतःहून कळवली तर त्याचे नाव गुप्त राहते आणि बहुतेक वेळा शिक्षेपासून संरक्षण मिळते. मुद्दाम केलेले उल्लंघन आणि गुन्हे यांना मात्र ही सवलत नाही. म्हणजे सांगणाऱ्याला वाचवा, माहिती आपोआप येईल.

१९८०च्या दशकात अमेरिकी लष्कराने कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विन येथील प्रशिक्षण केंद्रात सरावानंतरच्या आढाव्याची पद्धत रुजवली. प्रश्न साधे होते. काय व्हायला हवे होते? प्रत्यक्षात काय झाले? असे का झाले? पुढच्या वेळी काय करायचे? या बैठकीत हुद्दा बाजूला ठेवून बोलायचे असते. आज व्यावसायिक संघांत सामन्यानंतर होणाऱ्या बैठकांचा सांगाडा साधारण असाच असतो. चित्रफीत आणि आकडेवारी यांची भर पडली, एवढेच.

५. २००७ : दोन संघ, एकच वर्ष

२००० साल भारतीय क्रिकेटसाठी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी राष्ट्रीय क्रिकेट अकादमी सुरू झाली आणि ती बेंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमवर वसली. त्याच वर्षी न्यूझीलंडचे जॉन राइट भारताचे पहिले परदेशी प्रशिक्षक झाले. आता बोलायला जागा होती. पण ती सुरक्षित होती का?

राइट यांच्यानंतर ग्रेग चॅपेल आले. सप्टेंबर २००५ मध्ये झिंबाब्वे दौऱ्यावरून त्यांनी कर्णधार सौरव गांगुलीबद्दल मंडळाला एक ई-मेल पाठवला. तो फुटला आणि वर्तमानपत्रांत आला. त्यात लिहिलेले बरोबर होते की चूक, हा वाद आपण इथे सोडून देऊ. परिणाम पाहा. खासगीत केलेले मूल्यमापन उद्या पहिल्या पानावर येऊ शकते, हे ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाला कळले. त्यानंतर मनातले कोण बोलेल?

गांगुलीनंतर बेंगळुरूचा राहुल द्रविड कर्णधार झाला. घरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबातला हा खेळाडू. चॅपेल-द्रविड जोडीचे सगळेच प्रयोग फसले असे नाही. धावांचा पाठलाग करत सलग १७ एकदिवसीय सामने जिंकण्याचा विक्रम याच काळात झाला. पण मार्च २००७ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या विश्वचषकात भारत बांगलादेशकडून ५ गडी राखून आणि श्रीलंकेकडून ६९ धावांनी हरला आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला. पुढे जे झाले ते १९७४ ची आठवण करून देणारे होते. प्रशिक्षक पायउतार झाले. खेळाडूंच्या वृत्तीबद्दलच्या बातम्या बाहेर आल्या. त्याबद्दल जाहीरपणे बोलल्याबद्दल मंडळाने सचिन तेंडुलकर आणि युवराज सिंग यांना कारणे दाखवा नोटीस बजावली. ३३ वर्षांनीही उत्तर तेच : बोलणाऱ्याला जाब.

आता त्याच वर्षीचा दुसरा संघ पाहा. ६ ऑक्टोबर २००७ रोजी कार्डिफला रग्बी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात बलाढ्य न्यूझीलंड फ्रान्सकडून १८-२० असा हरला. फ्रान्सच्या निर्णायक ट्रायआधीचा पास पुढच्या दिशेने गेला होता आणि पंचांच्या नजरेतून तो सुटला. खापर फोडायला पंच हाताशी होता, प्रशिक्षक ग्रॅहम हेन्रीही होते. न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेने स्वतंत्र अहवाल मागवला, तो प्रसिद्ध केला आणि हेन्रींनाच पुन्हा नेमले. शेवटच्या मिनिटांत दडपणाखाली खेळाडूंचे निर्णय का बिघडले, हा प्रश्न त्यांनी स्वतःचा मानला. पुढे सेरी इव्हान्स या मनोविकारतज्ज्ञाची मदत घेऊन, दडपण आले की मन पुन्हा हातातल्या कामावर कसे आणायचे याचा सराव झाला. २०११ च्या अंतिम सामन्यात समोर फ्रान्सच होता. न्यूझीलंड ८-७ असा जिंकला.

एका गुणाचे अंतर म्हणजे नशीबही आले, हे मान्य. पण २००७ ला ज्यांनी चूक केली आणि ज्यांनी ती अभ्यासली, त्यांतली बरीच माणसे २०११ ला तिथेच होती. ज्याला वगळले, तो आपला धडा बरोबर घेऊन जातो.

६. २०२० : रात्री साडेबाराची बैठक

आता ३६. ॲडलेडच्या दिवसरात्र कसोटीत भारताकडे पहिल्या डावात ५३ धावांची आघाडी होती, हे आपण विसरतो. तिसऱ्या दिवशी जोश हेझलवूडने ८ धावांत ५ आणि पॅट कमिन्सने २१ धावांत ४ बळी घेतले. मोहम्मद शमीच्या हाताला चेंडू लागला, तो निवृत्त झाला आणि डाव ३६ वर संपला. कर्णधार विराट कोहली बाळाच्या जन्मासाठी मायदेशी परतणार होता. शमी मालिकेतून बाहेर गेला.

त्या रात्री काय घडले, हे क्षेत्ररक्षण प्रशिक्षक आर. श्रीधर यांनी नंतर अश्विनच्या यूट्यूब कार्यक्रमात सांगितले. रात्री साडेबाराच्या सुमारास कोहलीचा संदेश आला. मुख्य प्रशिक्षक रवी शास्त्री, भरत अरुण, विक्रम राठोड आणि श्रीधर एकत्रच बसले होते. कोहलीही येऊन बसला. शास्त्रींचे म्हणणे असे होते की हे ३६ लपवू नका, बिल्ल्यासारखे मिरवा, यातूनच मोठा संघ घडेल. दुसऱ्या दिवशी अजिंक्य रहाणेला चर्चेत घेतले गेले.

त्या चर्चेतून निघालेला निर्णय नीट पाहा. ३६ वर बाद झालेला संघ सहसा एक फलंदाज वाढवतो. इथे कोहलीच्या जागी रवींद्र जडेजा आला, म्हणजे पाच गोलंदाज झाले. त्यामागचा विचार असा : ॲडलेडला ऑस्ट्रेलियाला आपण १९१ वर गुंडाळले होते, आपली गोलंदाजीची योजना चालते आहे, एका भयंकर तासामुळे ती मोडायची नाही. संघाने निकाल आणि निर्णय वेगळे काढले ते असे. त्याच वेळी जे खरोखर चालत नव्हते ते बदलले. पृथ्वी शॉच्या जागी शुभमन गिल, वृद्धिमान साहाच्या जागी ऋषभ पंत, जखमी शमीच्या जागी मोहम्मद सिराज.

गोलंदाजीची ती योजनाही अशाच विचारातून आली होती. भरत अरुण यांनी सांगितले आहे की जुलै २०२० मध्येच शास्त्रींनी त्यांना फोन करून सुचवले होते : ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजांना ऑफ साइडला धावा मिळू द्यायच्या नाहीत. स्मिथ आणि लाबुशेन यांना सरळ, शरीराच्या रोखाने चेंडू टाकायचे आणि लेग साइडला क्षेत्ररक्षक वाढवायचे. आदल्या हंगामात न्यूझीलंडने स्मिथला कसे अडकवले होते, तेही त्यांनी पाहिले होते. मेलबर्नच्या पहिल्या डावात स्मिथ शून्यावर बाद झाला, अश्विनच्या चेंडूवर लेग स्लिपला उभ्या असलेल्या पुजाराच्या हातात झेल देऊन. ऑस्ट्रेलिया १९५ आणि २००. भारताने ८ गडी राखून सामना जिंकला. योजना म्हणजे मंत्र नव्हे, हेही लगेच दिसले : सिडनीत त्याच स्मिथने १३१ आणि ८१ धावा केल्या.

या मालिकेतले दोन धावबाद शेजारी ठेवून पाहा. ॲडलेडला पहिल्या डावात ७४ वर खेळणारा कोहली रहाणेच्या चुकलेल्या हाकेमुळे धावबाद झाला. रहाणेने त्याच दिवशी त्याची माफी मागितली, आणि कोहलीने विषय वाढवला नाही. मेलबर्नला कर्णधार म्हणून ११२ धावांवर खेळणारा रहाणे स्वतः धावबाद झाला, जडेजा अर्धशतकाच्या उंबरठ्यावर असताना काढलेल्या चोरट्या धावेमुळे. जाताना रहाणे जडेजाजवळ गेला आणि त्याची पाठ थोपटून तंबूत परतला. संघाने काय पाहिले असेल? या खोलीत चूक मान्य करता येते आणि चूक झाली म्हणून कोणी एकटा पडत नाही. अशा गोष्टी भाषणातून पटत नाहीत.

पुढे सिडनीत पंतला बढती देऊन पाचव्या क्रमांकावर पाठवले गेले, त्याने ९७ धावा केल्या. मग जायबंदी हनुमा विहारी आणि अश्विन यांनी तळ ठोकून सामना वाचवला. चौथ्या डावात भारत १३१ षटके खेळला. ब्रिस्बेनला बुमराह, अश्विन, जडेजा, विहारी कोणीच नव्हते. पालघरचा शार्दूल ठाकूर याआधी एकच कसोटी खेळला होता आणि त्यात दहा चेंडू टाकून जखमी झाला होता. त्याने ६७ धावा केल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. १९ जानेवारी २०२१ रोजी पंतच्या नाबाद ८९ धावांनी ३२८ चे लक्ष्य गाठले. १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर पहिल्यांदाच हरला. मालिकेत भारताने २० खेळाडू वापरले.

हे वीस जण आले कुठून? इथे पुन्हा बेंगळुरू येते. द्रविड यांनी २०१५ पासून भारत 'अ' आणि १९ वर्षांखालील संघांना शिकवले, २०१९ पासून ते अकादमीचे प्रमुख होते. भारत 'अ' दौऱ्यावर नेलेल्या प्रत्येक खेळाडूला सामना मिळालाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. तरुणपणी दौऱ्यावर जाऊन नुसते बसून परत येण्याचे दुःख काय असते, हे ते सांगत. त्यांचा आढावा धोरणात उतरला, तो असा.

७. पुराव्याबद्दल एक सूचना

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून इथे थांबा. साडेबाराच्या बैठकीची हकिकत आपल्याला कोणी सांगितली? त्या बैठकीतल्याच माणसाने, आणि मालिका जिंकल्यावर. मेलबर्नला हार झाली असती तर "३६ बिल्ल्यासारखे मिरवा" हे वाक्य आपल्यापर्यंत आले असते का? आले असते तर उद्दामपणाचा नमुना म्हणून आले असते. म्हणजे ज्या पश्चातबुद्धीबद्दल आपण दुसऱ्या भागात वाचले, ती या पाठालाही लागू आहे.

म्हणून माझा पुरावा मालिकेचा निकाल नाही. पाच गोलंदाजांचा निर्णय मेलबर्नच्या निकालाआधी घेतला गेला होता आणि तो घेताना कारण दिले गेले होते. हे निकालावर अवलंबून नाही, म्हणून मी ते महत्त्वाचे मानतो.

८. २०२४ : चूक कबूल केली, तरीही

आणि आता ४६. १६ ऑक्टोबर २०२४ ला बेंगळुरूत पावसामुळे एक चेंडूही पडला नाही. दुसऱ्या दिवशी आकाश ढगाळ होते. रोहित शर्माने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. मॅट हेन्रीने १५ धावांत ५, विल्यम ओ'रुर्कने २२ धावांत ४ बळी घेतले. पाच भारतीय फलंदाज शून्यावर बाद झाले. मायदेशातला हा भारताचा नीचांक. त्याच संध्याकाळी रोहित स्वतः पत्रकारांसमोर आला आणि खेळपट्टी ओळखण्यात आपली चूक झाली, असे त्याने सांगितले.

१९७४ शी तुलना करा. कर्णधार त्याच दिवशी "माझा अंदाज चुकला" म्हणतो आणि त्याच्या घरावर दगड पडत नाहीत. दुसऱ्या डावात संघाने ४६२ धावाही केल्या, त्यात सर्फराज खानच्या १५० आणि पंतच्या ९९. पण न्यूझीलंडने सामना ८ गडी राखून जिंकला. मग पुण्यात फिरकीच्या खेळपट्टीवर मिचेल सँटनरने १३ बळी घेतले आणि मुंबईत भारत २५ धावांनी हरला. मालिका ०-३.

म्हणजे कबुली म्हणजे आढावा नव्हे. कबुली ही फक्त सुरुवात आहे. "माझे चुकले" यानंतर "कशावरून चुकले आणि आता काय वेगळे करायचे" हे आले नाही, किंवा आले पण वेळ अपुरा पडला, तर कबुलीचा पुढच्या सामन्याला उपयोग होत नाही. पुन्हा, त्या वेळी बंद दाराआड काय बोलले गेले यावर आपण निकालावरून न्याय देऊ नये.

९. हे तुमच्यासाठी कशाला?

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी बनवलेली एक छोटी स्वयंचलित गाडी स्पर्धेत निघायच्या जागेवरच बंद पडली. परतल्यावर मी सगळ्यांना बसवले आणि पहिला प्रश्न विचारला, "जोडणी कोणी केली होती?" कोणी काही बोलले नाही. मी अर्धा तास उपदेश केला आणि बैठक संपवली. सत्र संपताना एक मुलगी मला म्हणाली, "सर, ती जोडणी दोन दिवसांपासून सैल होती, मला माहीत होते. पण आपण सांगितले तर आपल्यावरच येईल असे वाटले." आमच्यापाशी माहिती होती. माझ्या पहिल्या प्रश्नाने ती आत ढकलली. १९७४ च्या मंडळावर टीका लिहिताना मला ती दुपार आठवते.

तुमचा प्रकल्प, संघ, एकांकिका, प्रयोगशाळेतला गट, जे काही असेल त्यात तीन गोष्टी करून पाहा. एक, मोठा निर्णय घेताना त्याची कारणे दोन ओळींत आणि तारखेसह लिहून ठेवा. निकाल लागल्यावर आठवण स्वतःला सोयीची होते, वही होत नाही. दोन, आढाव्यात सर्वांत नवख्या सदस्याला आधी बोलू द्या. प्रमुखाने आधी मत दिले की बाकीचे माना डोलावतात. तीन, जिंकल्यावरही आढावा घ्या. सैल जोडणी कधीकधी जिंकलेल्या दिवशीही सैलच असते.

स्वाध्याय

१. द ओव्हल, २००७ : द्रविडने ३१९ धावांची आघाडी असूनही इंग्लंडला फॉलोऑन दिला नाही. सामना अनिर्णित राहिला, मालिका भारताने १-० अशी जिंकली. हा निर्णय त्या वेळच्या माहितीवरून तपासा; निकालाचा आधार घेऊ नका.

२. १९७४ मध्ये बेदी आणि २००७ मध्ये तेंडुलकर व युवराज यांच्याबाबत मंडळाने जे केले, त्यातील साम्य आणि फरक लिहा.

३. विजेत्यांनी नंतर सांगितलेल्या हकिकती इतिहासकाराने कशा वापराव्यात? सातव्या भागाच्या आधारे आपले मत मांडा.

४. तुमच्या गटात अलीकडे फसलेल्या एका कामाचा एक पानी आढावा लिहा. अट एकच : त्यात कोणाचेही नाव येता कामा नये.